चालणारा खर्ज

बीड जिल्ह्यांतील दिंद्रुडसारख्या गांवीं गोंधळ उभा राहिला, म्हणजे संबळ कितीही धांवला तरी तुणतुण्याची तार जागची हलत नाहीं. बैठकींतील तंबोऱ्याचा खर्जही तसाच. खालचा स्वर म्हणजे बसलेला स्वर, ही मराठी कानाची पिढ्यान्‌पिढ्यांची संवय आहे. जाझच्या वळणाच्या गाण्यांत मात्र तोच खालचा स्वर चालूं लागतो, आणि अशा गाण्यासाठीं खर्जाची ओळ रचणारास पहिली अडचण येते ती या संवयीचीच.

ही चाल महाराष्ट्रास अगदींच परकी नाहीं. १९३५ सालीं लिऑन अ‍ॅबी यांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आला. गोव्याच्या वादकांनीं ती विद्या आत्मसात केली. त्यांपैकीं चिक चॉकोलेट हे पुढें पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचे साहाय्यक झाले. १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटांत त्यांचा ताफा पडद्यावरही दिसतो. अशा ताफ्यांत माणसाहून उंच असा डबल बास मागें उभा असे. त्याकडे लक्ष कोणाचें जात नसे. तो थांबला असता तर मात्र नाचणारांचे पाय अडखळले असते.

आतां ओळ रचावयाची कशी? शुद्ध स्वरांवर बांधलेली स्वरसंघांची एक नेहमींची मालिका घ्यावी: सा, ध, रे, प, आणि पुन्हां सा. प्रत्येकास चार मात्रा. नवशिका त्या त्या संघाचा आधारस्वर चार वेळां वाजवितो. त्यांत चूक कांहीं नाहीं, पण गतीही नाहीं. जाणता वादक आधीं पुढचा मुक्काम पाहतो. सा, ग, प हे संघांतलेच स्वर घेऊन चौथ्या मात्रेस तो कोमल ध लावतो. शुद्ध ध अगदीं शेजारीं असल्यामुळें, तो येण्यापूर्वींच कानास त्याची ओढ लागते. मग ध, सा, ग, कोमल ग, त्यावरून रे. पुढें रे, म, ध, कोमल ध. आणि त्यावरून प. मौज अशी, कीं एकच कोमल ध एकदां वर चढवितो व एकदां खालीं उतरवितो. शेवटीं प, म, रे, नि, आणि सा. काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदांतील वॉल्टर पेज यांचें नांव या चार पावलांच्या चालीशीं कायमचें जोडलें गेलें आहे.

परंतु गाणें शब्दांचें असतें. अखंड चालणारा खर्ज गायकाच्या अंगावर धांवून जातो. शब्द दाट असतील तेथें पहिली व तिसरी मात्रा पुरे. गायक श्वास घेईल तेथेंच खर्जानें दोन शब्द बोलावे. डेट्रॉइटचे जेम्स जेमर्सन हे जाझमधूनच आलेले वादक. १९६० नंतरच्या दशकांतील मोटाउनच्या ध्वनिमुद्रिकांत त्यांच्या ओळी मात्रा चुकवून, मध्येंच थांबून गायकाशीं संवाद करतात. त्या स्वतंत्र गुणगुणतां येतात. रचलेली ओळ आधीं गळ्यांतून काढून पाहावी, हें म्हणूनच बरें.

मग तुणतुण्याचा वारसा टाकून द्यावा काय? मुळींच नाहीं. धृपदाकडे परततांना खर्ज आठ मात्रा केवळ प वर रोखून धरावा आणि वरचे स्वरसंघ बदलूं द्यावे. वर गति, खालीं स्थैर्य; ताण वाढत जातो. नवव्या मात्रेस खर्ज सा वर उतरून पुन्हां चालूं लागला, कीं ऐकणाराची मान आपोआप डोलते.