निवृत्त जवानाची तपासणी : आजार होण्याआधी

(मंडळाच्या गणेशोत्सवात जबलपूर येथे दिलेले भाषण)



कार्यकारिणीने मला "रेल्वेवर काहीतरी बोला" असे सांगितले होते. रेल्वेवर बोलणार आहे, पण थोडेच. मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला आणि बावीस वर्षे रुळांवरून चाललेला माणूस आहे. त्यामुळे वैद्यकीय चूक झाली तर सभागृहातील डॉक्टर मंडळींनी सांभाळून घ्यावे.

आपले जबलपूर हे फौजेचे गाव. ग्रेनेडियर्स, जम्मू-काश्मीर रायफल्स, सिग्नल्स यांची केंद्रे इथे, आणि तिकडे सागरला महार रेजिमेंटचे. महाराष्ट्रातून भरती झालेले काही जवान निवृत्तीनंतर याच भागात राहिले. कोणी बँकेत पहारेकरी झाले, कोणी आमच्या रेल्वे फाटकावर कंत्राटी गेटमन.

माझ्या सेक्शनमध्ये असेच एक हवालदार काका होते. महार रेजिमेंटचे, मूळचे विदर्भातले. मी त्यांना काका म्हणे, ते मला साहेब म्हणत. फाटकाचे रजिस्टर छापल्यासारखे लिहीत. 2019 च्या पावसाळ्यात त्यांना बुटाची जखम झाली. हळद लावली, पट्टी बांधली, ड्यूटी चालू. महिना झाला तरी जखम भरेना. शेवटी ताप भरला तेव्हा दवाखान्यात नेले, साखर चारशेच्या वर निघाली. पायाची दोन बोटे काढावी लागली. फाटकाचे काम सुटले.

मी भेटायला गेलो तेव्हा काकूंनी ट्रंकेतून त्यांचे ईसीएचएसचे कार्ड काढून दाखवले. प्लास्टिकच्या पिशवीत, अगदी नवे. मी म्हटले, "काका, हे असताना आधी का नाही गेलात?" ते म्हणाले, "साहेब, आजारी नव्हतो ना. धडधाकट माणूस दवाखान्यात गेला की फौजेत त्याला कामचुकार म्हणतात."

खरे सांगायचे तर त्यांचे लंगडणे मला दोन आठवडे आधीच दिसले होते. मी विचारले नाही. रुळात केसाएवढी चीर शोधण्याचा मी पगार घेतो.

रुळाच्या पोटातली चीर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आमच्याकडे अल्ट्रासॉनिक यंत्र चालवतात. दोष सापडला की रंगाने खूण होते, सांध्याला फिशप्लेट लागते, मग तुकडा बदलतात. यंत्राच्या फेरीचा खर्च किती आणि रूळ तुटून गाडी घसरली तर किती, हा हिशेब आमच्या गँगमनलाही पाठ असतो. माणसाच्या बाबतीत मात्र आपण गाडी घसरण्याची वाट पाहतो.

जवान नोकरीत असतो तेव्हा त्याची दरवर्षी वैद्यकीय तपासणी होते, रोज पीटी होते. तो बहुधा चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो. पीटी बंद होते, लंगरची भूक तशीच राहते. (आणि कॅन्टीनचा कोटाही राहतो, त्यावर जास्त बोलत नाही.) ज्या वयात बीपी-साखर सुरू होते, नेमकी त्याच वयात हाक मारून तपासणीला नेणारी ती शिस्त संपते.

माजी सैनिकांसाठी ईसीएचएस योजना 1 एप्रिल 2003 पासून आहे. वर्गणी एकदाच भरायची. 2017 अखेरच्या दरांप्रमाणे हवालदारापर्यंत 30,000 रुपये, जेसीओंना 67,000 आणि अधिकाऱ्यांना 1,20,000. वीरपत्नींना आणि 1 जानेवारी 1996 पूर्वी निवृत्त झालेल्यांना ती माफ आहे. पुढे पती-पत्नीला जन्मभर उपचार. आम्ही रेल्वेवाले निवृत्तीनंतरच्या सोयीसाठी शेवटच्या मूळ पगाराइतकी रक्कम भरतो, त्या मानाने ही योजना महाग म्हणता येणार नाही. मोठ्या शस्त्रक्रियेला तिचा फार आधार आहे, काकांचे ऑपरेशनही तिच्यातूनच झाले.

मग परवडत नाही ते काय? परवडत नाही तो दिवस. खेड्यातल्या जवानाला पॉलिक्लिनिकला यायचे तर पहाटेची बस, रांग, परतीची बस आणि बुडालेली मजुरी. दुखत असेल तर माणूस हे सोसतो. नुसती साखर बघायला कोण सोसेल? म्हणून तपासणी त्याच्या घराजवळ यायला हवी. 2021 मध्ये संरक्षण खात्याने 'सेहत' ही फोनवरून सल्ल्याची सोय सुरू केली, तिचा उपयोग होतो. पण फोनवर रक्तदाब मोजता येत नाही. आता गावोगावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत तिशीपुढच्या सर्वांचे बीपी आणि साखर मोफत तपासतात, तोंडाच्या कर्करोगाचीही तपासणी असते. तिथे कुणाचे कार्ड लागत नाही. रोजची गोळी जनऔषधी केंद्रात कितीतरी स्वस्त पडते. माजी सैनिकांना हे सांगणारेच कोणी नाही, ही माझी तक्रार आहे.

आणखी एक गट आहे, पेन्शनपर्यंत न पोहोचता बाहेर पडलेल्यांचा. त्यांना सरसकट ईसीएचएस मिळत नाही. त्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदतनिधीची चौकशी करावी. 2022 पासून भरती झालेले जे अग्निवीर चार वर्षांनी बाहेर पडतील, त्यांनाही ही योजना लागू नाही. तरुण आहेत म्हणून आज कोणाला त्याचे काही वाटत नाही. मला वाटते.

मंडळाने रोषणाईच्या खर्चातून थोडी रक्कम बाजूला काढावी असे मी बैठकीत सुचवले होते. थोडी कुरबूर झाली, पण मान्य झाले. तेव्हा येत्या रविवारी सकाळी 7 ते 10 मंडपाच्या मागच्या खोलीत बीपी, साखर, वजन आणि पायांची तपासणी आहे. मराठी-अमराठी भेद नाही. आपल्या गल्लीतल्या पहारेकऱ्याला, फाटकावरच्या गेटमनला बरोबर घेऊन या. नुसता निरोप दिला तर तो येणार नाही. उपाशीपोटी यायचे आहे, नंतर पोहे आहेत. हवालदार काका नावे लिहायला बसणार आहेत. रजिस्टर त्यांनी कालच आखून ठेवले आहे.