पाण्यावर पहारा



‘सुरक्षा आणि शाश्वत विकास’ हा विषय मला दिला, तेव्हा वाटलं, यावर फौजेतल्या कुणी बोलावं, मी सॉफ्टवेअरवाली. मग आपल्या लातूरचा २०१६चा उन्हाळा आठवला.

मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये शहरातल्या पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती कलम १४४ लागू झालं. दंगल नाही, दरोडा नाही, घागरीसाठी जमावबंदी! १२ एप्रिलला मिरजेहून पहिली ‘जलदूत’ रेल्वे आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी.

पोलिसांनी रांगा सांभाळल्या, हे बरंच झालं. पण पहाऱ्याने पाणी वाढत नाही. ते आटायला कित्येक वर्षं लागली होती. कमी पावसाच्या मुलखात ऊस आणि दरवर्षी आणखी खोल जाणारी बोअर.

त्यात माझाही हात आहे. त्या वर्षी बाबांचा फोन आला, “बोअर आटलं गं.” मी पुण्याहून पैसे पाठवले, अंगणात दुसरं, अधिक खोल बोअर घेतलं. पाणी लागलं. मला वाटलं, आईबाबांची काळजी मिटली. महिन्याभरात शेजारच्या काकूंचा हातपंप कोरडा पडला. आमच्यामुळेच, असं कुणी म्हटलं नाही. पण आई फाटकाला कुलूप लावू लागली. ज्यांच्या घरी आम्ही न विचारता लाडवाचा डबा उघडायचो, त्या काकू घागर घेऊन आमच्या दारात यायला संकोचू लागल्या.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने वेगळी वाट धरली. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने पाणलोटाची कामं झाली. पण गाव बंधाऱ्यांवर थांबलं नाही. पाऊस किती पडला, जमिनीत पाणी किती, हे मोजून ग्रामसभेत पिकं ठरतात. आधी पिण्याचं पाणी, मग शेती. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही. तिथेही पाण्यावर पहारा आहे, पण तो हिशेबाचा आणि सर्वांनी मान्य केलेला.

म्हणून आपल्या तुकडीपुढे एक प्रस्ताव ठेवते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेच्या ५०० चौरस मीटर छपरावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला, तर तीन लाख लिटर. गणिताच्या सरांनी तपासून पाहावं! थोडं वाया गेलं, तरी पहिल्या जलदूतच्या निम्म्याच्या आसपास. शाळेला कमान देण्याऐवजी पन्हळी, गाळणी आणि बोअर पुनर्भरणाचा खड्डा देऊ या. शेजारी एक फळा लावू; पाऊस आणि पाणीपातळी मुलं त्यावर लिहितील.

आणि हो, गेल्या वर्षी आमच्या बोअरचा एक नळ फाटकाबाहेर काढला. आता कुलूप लागत नाही. हे आम्हाला २०१६मध्येच सुचायला हवं होतं.