वाट पाहण्याचा भाव



'मोजक्या संख्येची स्मारक-घड्याळे आणि त्यांच्या किमती' हा विषय फलकावर वाचून पुष्कळांना वाटले असेल की, लिहिणाऱ्याच्या हातून काही चूक झाली. मुलचेऱ्याला एप्रिल उजाडला की माणसांच्या तोंडी तेंदूच्या दरावाचून दुसरी गोष्ट नसते. अशा ठिकाणी स्वित्झर्लंडच्या घड्याळांचे काय काम? चूक कोणाचीही नाही. विषय मीच मागून घेतला आहे.

माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि वाटाघाटींच्या टेबलावर. त्या टेबलावर मालक आणि आम्ही समोरासमोर बसलो की सारे भांडण शेवटी एकाच प्रश्नाशी येऊन ठेपे : वस्तूची किंमत ठरते कशी? कापड घ्या, कागद घ्या, त्यात कच्चा माल, मजुरी, वीज, वाहतूक, कर्जाचे व्याज अशा इतक्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात की, ज्याला जे दाखवायचे ते त्याने दाखवावे. म्हणून मी अशा वस्तूकडे वळलो की जिच्यात किंमत आणि उपयोग यांची केव्हाच फारकत झाली आहे. ताप चढलेल्या रोग्याची नाडी शिकाऊ वैद्यालाही सापडते, तसे हे आहे.

जिनिव्हाची पाटेक फिलिप ही घड्याळ करणारी जुनी कंपनी. न्यूयॉर्कच्या टिफनी या जवाहिऱ्याच्या दुकानाशी तिचा व्यवहार १८५१ पासूनचा. २०२१ साली त्या व्यवहाराला १७० वर्षे झाली, म्हणून कंपनीने 'नॉटिलस' या आपल्या नमुन्याची १७० घड्याळे काढली. तबकडीला टिफनीच्या डबीचा तो प्रसिद्ध हिरवट निळा रंग दिला. दुकानातली किंमत सुमारे ५२,६०० डॉलर. त्यांपैकी पहिले घड्याळ ११ डिसेंबर २०२१ रोजी न्यूयॉर्कच्या लिलावात निघाले आणि ६५ लाख डॉलरांना गेले. ती रक्कम निसर्गरक्षणाचे काम करणाऱ्या एका संस्थेला मिळाली हे सांगितले पाहिजे. दानाच्या लिलावात हात सैल सुटतात. तरीही सव्वाशेपट सैल सुटतात असे नाही. आणि हे घड्याळ सोन्याचे नव्हते, पोलादाचे होते!

आता मजुरीच्या हिशेबाने पाहू. आदल्या वर्षी हाच नमुना निळ्या तबकडीचा होता. आतले यंत्र तेच, पोलाद तेच, करणारे कारागीरही बहुधा तेच. बदलला तो एक रंग, आणि पाठीवर स्मारकाची अक्षरे उमटली. एकशेएकाहत्तरावे घड्याळ करता आले नसते काय? दुपारच्या सुटीआधी झाले असते. ते करायचे नाही, असे ठरविले. एवढ्या एका निश्चयाला बाजाराने घड्याळाहून अधिक मोल दिले.

आकडा कसा निवडतात तेही पाहण्यासारखे आहे. तो मनाला येईल तसा निवडून चालत नाही. त्याला काही पवित्र कारण लागते. १७० वर्षांची १७० घड्याळे. माँब्लाँ या जर्मन कंपनीने २००९ साली महात्मा गांधींच्या स्मरणार्थ सोन्याचे एक फाउंटन पेन काढले. त्याच्या निबेवर काठी घेऊन चाललेले गांधीजी कोरलेले, किंमत अकरा लाख रुपयांच्या वर, आणि संख्या २४१. का, तर दांडीयात्रा २४१ मैलांची! मिठाचा कर ज्यांना जड होता त्यांच्यासाठी चाललेले मैल पेनांच्या मोजणीला लागले. जोडीला तीन हजार नगांची स्वस्त आवृत्तीही होती. या प्रकाराविरुद्ध केरळच्या उच्च न्यायालयात अर्ज झाला आणि २०१० साली पेनांची विक्री थांबविण्यात आली. त्याच २००९ च्या मार्चमध्ये खुद्द गांधीजींच्या खिशातले झेनिथ घड्याळ, चष्मा, चपला आणि ताटवाटी यांचा न्यूयॉर्कला लिलाव झाला. १८ लाख डॉलरांना त्या वस्तू विजय मल्ल्या यांनी घेतल्या. ते घड्याळ स्मरणासाठी केलेलेच नव्हते. ते वेळ पाहण्यासाठी केलेले होते, आणि सेवाग्रामच्या लोकांना ठाऊक आहे की त्याचा धनी त्याचा तोच उपयोग किती कडकपणे करी.

येथे एक शंका निघेल. बाजार इतके द्यावयास तयार आहे, तर कंपनी स्वतःच दर का चढवीत नाही? मधल्यांना फायदा का खाऊ देते? ही शंका मला फार दिवस छळीत होती. उत्तर सिनेमाच्या खिडकीशी सापडते. ज्या चित्रपटाची तिकिटे 'ब्लॅक'ने विकली जातात, त्याच्या खिडकीशी गर्दी असते. आणि गर्दी पाहून आणखी गर्दी होते. रांग ही फुकटची जाहिरात आहे. दर एकदा चढविला आणि मागणी ओसरली, तर तो उतरवावा लागतो, आणि अशा धंद्यात दर उतरविणे म्हणजे अब्रू उतरविणे. म्हणून दुकानाचा दर बाजाराच्या खाली ठेवतात, आणि मध्ये जी दरी राहते तिच्यात माणसांना वाट पाहावयास लावतात. ही रांगही रेशनच्या रांगेसारखी सरळ नसते. दुकानदार गिऱ्हाइकाचा इतिहास पाहतो. ज्याने आधी इतर, न खपणारी घड्याळे आणि दागिने घेतले, त्याचे नाव वर सरकते. म्हणजे वाट पाहण्याचेही पैसे पडतात, ते दुसऱ्या खात्यावर टाकलेले असतात इतकेच.

संग्राहक मंडळींचे याकरिता एक स्वतंत्र पंचांगच असते. नॉटिलसचा जन्म १९७६ चा. त्याला ४० वर्षे झाली तेव्हा, २०१६ साली, कंपनीने दोन स्मारक-नमुने काढले, एक ७०० नगांचा आणि दुसरा १३०० नगांचा. मग पन्नाशीचे २०२६ साल कोणाच्या नजरेतून सुटणार? घड्याळ अस्तित्वात नसता त्याची चर्चा, त्याच्या दराचे अंदाज, त्याच्यासाठी दुकानदाराशी सलगी, हे सारे वर्षे आधी सुरू होते. आणि जानेवारी २०२१ मध्ये निळ्या तबकडीचा नमुना बंद होत असल्याचे कळताच काय झाले? पस्तीस हजार डॉलरांच्या आसपासचे घड्याळ पुढील काळात दुय्यम बाजारात लाख डॉलरांच्या वर गेले. २०२२ च्या वसंतात मात्र हा फुगा उतरू लागला आणि शेवटच्या भावाने घेणारे अडकले. कंपनीच्या छापील दराला त्याची झळ लागली नाही.

'बंद होत आहे' या तीन शब्दांवर भाव चढतो, हे ध्यानात ठेवा. कारण आता मी आपल्या देशी घड्याळाकडे येणार आहे.

हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजे आपले एचएमटी, याने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून बंगलोरला मनगटी घड्याळे करावयास घेतली. पहिली घड्याळे पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. पुढे तुमकूर, श्रीनगर, नैनिताल जिल्ह्यातले राणीबाग येथे कारखाने झाले. जनता, पायलट, जवान, सोना ही त्या घड्याळांची नावे या मांडवात बसलेल्या कित्येकांच्या मनगटांनी ऐकलेली आहेत. एकूण दहा कोटींहून अधिक घड्याळे तेथून निघाली. हिचा सारा उद्देश पाटेकच्या उलट. जितकी जास्त मनगटे तितके बरे. त्याही घड्याळासाठी एके काळी वाट पाहावी लागे, लग्नाचा मुहूर्त ठरला की जावयाच्या घड्याळासाठी ओळखी काढाव्या लागत. पण ती टंचाई खरी होती. आयातीवर बंधने होती, कारखाने पुरे पडत नव्हते, आणि मुंबईच्या बंदरातून चोरटी घड्याळे येत होती. कारखान्यात कोणी बसून 'एकशेएकाहत्तरावे करू नका' असे सांगत नव्हते.

मग बॅटरीवरची घड्याळे आली, १९८४ साली टायटन उभी राहिली, सरकारी कारखाना मागे पडला. त्याची कारणे पुष्कळ आहेत, आणि सगळीच मालकाच्या पदरात टाकता येणार नाहीत. २०१४ च्या सप्टेंबरात घड्याळाचा धंदा गुंडाळण्याची बातमी फुटली, आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस व चिनार वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली. राहिलेल्या कामगारांना २००७ च्या वेतनश्रेणीच्या हिशेबाने स्वेच्छानिवृत्ती देण्याचे ठरले. 'स्वेच्छा' हा शब्द कामगार चळवळीच्या कोशात कोणी घातला असेल त्याला माझा नमस्कार!

आणि त्याच काळात बाजारात काय चालले होते? गर्दी. ज्यांनी दहा वर्षे एचएमटीच्या दुकानाची पायरी चढली नव्हती ते शिल्लक माल शोधीत फिरत होते. जुन्या 'जनता'ला नवी किंमत आली. दहा कोटींचे घड्याळ एका रात्रीत मोजक्या संख्येचे झाले, कारण शेवटच्या नगानंतर पुढचा नग येणार नव्हता. जिनिव्हात जो आकडा मालकाने ठरविला, तो तुमकूरला फाटकाच्या कुलपाने ठरविला. दोन्हीकडे भाव चढला. चढलेल्या भावातला एक पैसा तरी घड्याळ जुळविणाऱ्या हाताकडे गेला काय, हे विचारण्याचा मला अधिकार आहे असे मी समजतो. गेला नाही. तो गेला ज्याच्या कपाटात माल होता त्याच्याकडे.

संग्राहकांवर माझा राग आहे असे कोणी समजू नये. पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दौती, दाराच्या चौकटी आयुष्यभर जमविल्या आणि तो सारा संग्रह पुढे महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. अडकित्ता करणाऱ्या लोहाराने त्यावर क्रमांक घातला नव्हता. वस्तू वापरात झिजल्या, हरवल्या, मोडीत गेल्या आणि म्हणून उरलेल्या दुर्मिळ झाल्या. काळाने केलेली दुर्मिळता आणि कार्यालयात ठरविलेली दुर्मिळता यांत मी फरक करतो, एवढेच.

हा फरक मुंबईच्या गल्ल्यांतील कारागिरांनी आपल्या पद्धतीने पुसून टाकला आहे. जुन्या एचएमटी, फावर ल्यूबा, सायको घड्याळांची डागाळलेली तबकडी घासून, भडक रंगात पुन्हा रंगवून, वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून ते चालते घड्याळ विकतात. परदेशातल्या संग्राहकांनी त्याला 'मुंबई स्पेशल' असे नाव ठेवले आहे, आणि ते कौतुकाने ठेवलेले नाही. खरे म्हणून खोटे विकू नये हे कबूल. पण मेलेले यंत्र चालू करणारा तो हात कसबी आहे, हे घड्याळजीच्या दुकानात तासभर बसलेला कोणीही सांगेल.

आता तेंदू. आपले ठेकेदार युनिटाचा लिलाव केव्हा बोलतात? झाडाला पालवी फुटण्याआधी. पान कसे येईल, वळीव पडेल काय, विडीचा खप किती, या सर्वांचा अंदाज बांधून तो न उगवलेल्या पानाचा दर बोलतो. जिनिव्हाचा गिऱ्हाईक न घडलेल्या घड्याळाचा बोलतो तसाच. २०१७ साली गडचिरोली जिल्ह्यात दर कधी नव्हे इतके चढले आणि पुढच्याच वर्षी कोसळले, हे आपण भोगले आहे. पेसा आणि वनहक्क कायदा यांच्या बळावर पुष्कळ ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्या, ही मोठी गोष्ट झाली. पण लिलाव हाती आला तरी घड्याळवाल्याजवळ असलेली एक गोष्ट अजून आपल्याजवळ नाही. त्याचा माल कपाटात दहा वर्षे पडून राहू शकतो, आणि भाव पटला नाही तर तो उद्या या म्हणतो. आमच्या बाईने पहाटे रानात जाऊन तोडलेले पान त्याच दिवशी सत्तर-सत्तरचे पुडे बांधून फळीवर न्यावे लागते. उद्या ते कोमेजते. आणि घरी बियाण्याचे पैसे जूनपूर्वी लागतात. वाट पाहण्याला बाजारात भाव आहे खरा, पण तो वाट पाहणे परवडते त्यालाच मिळतो.

मात्र एक तपशील आहे. फळीवर वाळून, पोत्यात भरलेले पान ओले नव्हे. त्याला कोरडे छप्पर मिळाले तर ते पावसाळ्यातही टिकते, आणि तेथून पुढे ते घड्याळासारखे थांबू शकते. छप्पर कोणाचे, हा मुद्दा आहे. आज गोदाम ठेकेदाराचे असते. आपल्या तालुक्यातल्या चार-पाच ग्रामसभांनी मिळून एक गोदाम घेतले, आणि मजुरांना हंगामातली मजुरी देण्यापुरती उचल बँकेकडून मिळाली, तर एकदा नकार देऊन पाहता येईल. भाड्याचा आणि व्याजाचा हिशेब मी कागदावर मांडून आणला आहे. तो बाहेर टेबलावर ठेवला आहे. व्याजाचा आकडा मला जरा कमी धरल्यासारखा वाटतो, म्हणून हिशेबात मुरलेल्यांनी तो तपासावा.

अध्यक्षांनी दोनदा घड्याळाकडे पाहिले आहे.