म्हातारपणाचे व्यसन आणि विहाराचे दार
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दारूविरुद्ध या व्यासपीठावर पुष्कळ भाषणे झाली. आम्हीही ठोकली. पाचवे शील सांगायचे, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमधली दारू न पिण्याची प्रतिज्ञा आठवून द्यायची, टाळ्या घ्यायच्या नि घरी जायचे. ती सगळी भाषणे तरुण पोरांसाठी होती. आज आम्ही साठी ओलांडलेल्या माणसांविषयी बोलणार आहोत. पोरगा प्यायला तर आपण धावपळ करतो. म्हातारा प्यायला तर म्हणतो, "आता किती दिवस राहिलेत त्याचे, पिऊ द्या."

ही माणसे प्यायला का लागली, हे आपण कधी विचारले का? १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि हजारो परत आत गेलेच नाहीत. आम्ही गिरणीत बदली म्हणून लागलो, तेव्हा साचेखात्यातले जुने कसबी कामगार नाक्यावर भाजी विकताना पाहिले. संध्याकाळी तेच गुत्त्यावर दिसायचे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे गेली. असे काही डोळ्यांनी पाहिलेला माणूस पंचवीस वर्षांनीसुद्धा फटाका वाजला की दचकतो, रात्री ओरडत उठतो. मनाला बसलेला हा मार. डॉक्टर त्याला ट्रॉमा म्हणतात. झोप लागावी म्हणून माणूस एक पेला घेतो, मग त्या पेल्याशिवाय झोपच येत नाही. कुणाची रिटायर झाल्यावर सुरू होते, कुणाची जोडीदार गेल्यावर.

आता आमची चूक सांगतो. आमच्या शेजारी एक काका. काकी वारल्या आणि काका सकाळपासून प्यायला लागले. पोरगा रडत आमच्याकडे आला. आम्ही चार कार्यकर्ते जमलो, काकांना खोलीत बसवले, बाहेरून कडी लावली. एक थेंब द्यायचा नाही! आम्हांला वाटले, मोठे समाजकार्य केले. दुसऱ्या दिवशी त्यांचे हात थरथरू लागले. तिसऱ्या रात्री त्यांना भिंतीवर किडे दिसू लागले, गेलेल्या काकीशी बोलू लागले, मग फीट आली. तसेच टॅक्सीत घालून दवाखान्यात नेले. वाचले. डॉक्टर म्हणाले, "रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर जीव जाऊ शकतो. म्हाताऱ्या माणसाला तर जास्तच धोका." बांधवांनो, धम्माच्या नावाने आम्ही एक माणूस मारणार होतो.

तेव्हापासून आम्ही विचारत, वाचत गेलो. वय वाढले की अंगातले पाणी कमी होते, लिव्हर मंद चालते. चाळिशीत पचलेली तेवढीच दारू सत्तरीत जास्त चढते. वर बीपीच्या, साखरेच्या, झोपेच्या गोळ्या. म्हातारा पडतो, विसरतो आणि घरचे म्हणतात, वय झाले. म्हणून दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या नजरेखाली, औषध देऊन. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. तिथे पाच आठवडे राहून उपचार घेतात. मुंबईत फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली कृपा फाउंडेशन उभे केले. माहितीसाठी सरकारचा १४४४६ हा व्यसनमुक्तीचा फोन आहे, मनाच्या त्रासासाठी १४४१६ आणि वृद्धांसाठी १४५६७.

पण पाटी बघून माणूस सोडून येऊ नका. आधी विचारा. डॉक्टर रोज येतात का? हृदय, साखर तपासतात का? चालू गोळ्या देतात का? खालची खाट, जवळ संडास आहे का? मारतात, कोंडतात का? घरच्यांना भेटू देतात का? जिथे कोंडतात तिथून उलट्या पावली परत या. आणि मनाच्या जखमेची खपली बळेच काढू नये. आधी झोप, जेवण, भीती नसलेली जागा. मग समुपदेशकाजवळ माणूस आपणहून बोलतो. काका एके दिवशी आपणहून काकीच्या आजारपणाविषयी बोलले. तोवर त्यांचे रडणे कोणी ऐकलेच नव्हते.

काका बरे होऊन आले. चार महिन्यांनी काकींच्या स्मृतिदिनी पुन्हा प्याले. लोक म्हणाले, "बघा, पैसे पाण्यात." पण या खेपेला त्यांनी स्वतः केंद्राला फोन लावला आणि परत गेले. बीपी वाढले म्हणून आपण माणसाला टाकतो का? हाही तसाच दुखणाईत.

पटाचारेची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. नवरा, मुले, आईबाप सगळे गेले. वेडी होऊन, अंगावर वस्त्र नाही, अशी ती फिरत होती. लोक तिला हाकलत होते. भगवान म्हणाले, तिला येऊ द्या. एकाने अंगावरचे वस्त्र तिला दिले. तीच पुढे थोर भिक्खुणी झाली. भगवंतांनी आधी तिला जवळ केले, उपदेश नंतर केला. आपण उलटे करतो. काका केंद्रातून आल्यावर वंदनेला आले, तर दारातच त्यांना कोणी तरी म्हणाले, "बेवडा आला." ते पायरीवरूनच परत फिरले. तो आवाज आपल्यापैकीच कुणाचा तरी होता.

म्हणून कमिटीपुढे आमच्या तीन मागण्या. आठवड्यातून एक संध्याकाळ व्यसनातून उठलेल्या माणसांना बसायला विहाराची खोली द्यावी. गरीब म्हाताऱ्याला केंद्रात न्यायचे तर भाड्यासाठी दानपेटीतला काही हिस्सा बाजूला ठेवावा. आणि मिश्री, झोपेच्या गोळ्या यांत अडकलेल्या आया-मावशांशी महिला मंडळाने बोलावे. त्यांचे व्यसन तर आपण मोजतच नाही.

पाचवे शील मोडलेल्या माणसालाच विहाराची जास्त गरज आहे. काका आज मागच्या रांगेत बसले आहेत. जाताना त्यांना जयभीम करा, एवढे केले तरी आमचे भाषण पोचले.

नमो बुद्धाय! जयभीम!