विद्यापीठाचे दार कोणत्या दिशेस उघडते?

(पांढुर्णे येथे शिक्षक व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विद्यापीठे बदलत आहेत, असे आज जो तो सांगतो. यंत्र बदलले, नोकरी बदलली, समाज बदलला. तेव्हा शिकवणेही बदलले पाहिजे, हे म्हणणे रास्त आहे आणि त्याविषयी वाद घालण्यासाठी मी येथे उभा नाही. मला विचारावयाचे आहे ते इतकेच की, हा बदल पांढुर्णे-सौंसरच्या मुलापर्यंत कोणत्या रूपाने पोहोचतो? ज्याच्या घरात मराठी, शाळेत हिंदी, उच्च शास्त्राच्या पुस्तकात इंग्रजी आणि ज्याच्या पोटाची वाट नागपूरकडे, अशा मुलासाठी विद्यापीठाचे दार कोणत्या दिशेस उघडते?

प्रथम एक जुनी हकीकत सांगतो, कारण तिचा आपल्या मातीशी संबंध आहे. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले. त्यापूर्वी येथली महाविद्यालये आधी कलकत्त्यास व मागाहून अलाहाबादेस जोडलेली होती. म्हणजे मुलाने शिकावे नागपुरास आणि त्याचे भवितव्य ठरावे गंगाकाठी! विद्यापीठ घरी आले तरी शिकवण मात्र बराच काळ वकील आणि कारकून घडविणारीच राहिली. तो साचा मोडण्यास कारण झाले कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण. मँगनीजच्या खाणधंद्यात नाव मिळविलेल्या या गृहस्थाने आपल्या मिळकतीतील सुमारे ३५ लाख रुपये उपयोजित विज्ञान व रसायन यांच्या शिक्षणासाठी विद्यापीठास दिले, आणि त्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. तेल, रंग, रसायने यांचे शास्त्र कारखान्याच्या गरजेशी जोडून शिकविणारी ही संस्था. २०२३ मध्ये तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

ज्या खडकांच्या पट्ट्यात मध्य भारतातील मँगनीज सापडते, त्या पट्ट्याला भूशास्त्रज्ञ कोणत्या नावाने ओळखतात, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? ‘सौंसर समूह’ या नावाने! छिंदवाडा, नागपूर, भंडारा, बालाघाट असा पसरलेला तो अतिप्राचीन थर आहे. देशोदेशींच्या भूशास्त्राच्या ग्रंथांत सौंसरचे नाव छापले जाते. आणि सौंसरचा विद्यार्थी मात्र आपल्या गावाचे नाव ग्रंथात आहे हे न कळताच पदवी घेऊन बाहेर पडतो. समाजाशी जुळवून घेणारे शिक्षण कसे नसावे, याचे याहून बोलके उदाहरण मी कोठून आणू? खडकाला राज्याची सीमा कळत नाही, हे आपले नशीब. अभ्यासक्रमाला मात्र ती पक्की कळते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. एके काळी नागपूर विद्यापीठाचे क्षेत्र साऱ्या मध्यप्रांत-वऱ्हाडभर होते. १९४६ मध्ये सागरास विद्यापीठ झाले, १९५६ मध्ये जबलपुरास, आणि २०१९ मध्ये छिंदवाड्यास. शेवटची गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे. विद्यापीठ जितके जवळ, तितकी गरिबाच्या घरची मुलगी शिकण्याची शक्यता अधिक. २०२३ मध्ये पांढुर्णे-सौंसर मिळून वेगळा जिल्हाही झाला. तेव्हा मागण्या कोणाकडे करावयाच्या, हा प्रश्न आता पूर्वीइतका दूरचा राहिलेला नाही.

आता नवी व्यवस्था पाहू. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पदवीची पायरी-पायरी केली. एक वर्ष शिकून सोडले तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चौथ्या वर्षी ऑनर्स. मिळविलेले श्रेयांक एका राष्ट्रीय खात्यात जमा राहावेत आणि विद्यार्थ्याने पुढे, प्रसंगी दुसऱ्या विद्यापीठातही, ते वापरावेत अशी योजना आहे. मध्य प्रदेशाने २०२१ पासूनच हे धोरण महाविद्यालयांत लागू केले. मुख्य विषयाबरोबर एखादा व्यवसायविषय आला, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आला.

योजना कागदावर सुबक आहे. तथापि मला एक धास्ती वाटते. ज्या घरी पैशाची ओढाताण आहे, त्या घरी ‘एक वर्षानंतरही सोडता येते’ या वाक्यातील ‘सोडता येते’ एवढेच ऐकू येईल. श्रीमंताचा मुलगा वर्षभर थांबून परत येईल. कापूसवेचणीच्या हंगामात घरी बसलेली मुलगी परत येईल काय? बाहेर पडण्याची सोय करणाऱ्यांनी परत आणण्याची सोयही तितक्याच कसोशीने केली पाहिजे. कोण गेले, का गेले आणि परत आले की नाही, याची नोंद प्रत्येक महाविद्यालयाने ठेवून ती पालकांसमोर मांडावी.

आणि व्यवसायविषय म्हणजे काय? येथे मी संत्र्यावर थोडा वेळ थांबणार आहे; पांढुर्णे-सौंसरात संत्र्याविषयी बोलणाऱ्याला कोणी अडवीत नाही. आंबिया बहार, मृग बहार, बुंध्यातून वाहणारा डिंक्या हे तुम्ही माझ्याहून अधिक जाणता. पण आपल्या संत्र्याचा रस काढून ठेवला की काही वेळाने कडू होतो, हेही तुम्ही जाणता. हा कडवटपणा लिमोनिन नावाच्या द्रव्यामुळे येतो. ताज्या फळात तो जिभेला कळत नाही, रस काढल्यावर हळूहळू उमटतो. रसाच्या कारखानदारीपुढे हीच मोठी अडचण आहे. सालीतून सुगंधी तेल निघते, पेक्टिन निघते. म्हणजे एका संत्र्यात रसायनशास्त्राचे, वनस्पतिशास्त्राचे आणि वाणिज्याचे धडे आहेत. नागपुरास लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, काटोलला अकोल्याच्या कृषि विद्यापीठाचे फळसंशोधन केंद्र आहे. दोन्ही ठिकाणे आपल्या बाजारवाटेवरची. मग येथील विज्ञानशाखेच्या मुलाचा प्रकल्प कडू रसावर का असू नये? सौंसर तालुक्यातील बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात कापडाचा मोठा कारखाना चालतो. वाणिज्यशाखेच्या मुलाने हिशेबाचे पुस्तक पाठ करण्याऐवजी तेथील माल येतो-जातो कसा हे महिनाभर का पाहू नये?

यंत्राविषयीही दोन शब्द. आज विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर लिहून देणारे यंत्र मुलांच्या खिशात आहे. घरी लिहावयास दिलेला निबंध कोणी लिहिला, हे शिक्षकास कळेनासे झाले आहे. कित्येक जण यावर हळहळतात. मला वाटते, पाठांतराची परीक्षा या यंत्राने उघडी पाडली, हे एका अर्थी बरेच झाले. ज्या बागेत मुलगा स्वतः उभा राहिला तेथली माती त्याने तपासली की नाही, हे तोंडी विचारले की क्षणात समजते. यंत्रामुळे शिक्षकाचे काम कमी होणार नाही, वाढणार आहे. आणि म्हणूनच शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरल्यावाचून ‘तंत्रज्ञानयुक्त शिक्षण’ हे शब्द पोकळ ठरतील.

आता भाषा. ऑक्टोबर २०२२ मध्ये भोपाळ येथे वैद्यकाची हिंदी पाठ्यपुस्तके प्रसिद्ध झाली. २०२१ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण मराठीसह काही भारतीय भाषांत देण्यास परवानगी मिळाली. हिंदीतून वैद्यक शिकवले जाते याचा मराठी माणसाने मत्सर करू नये. ज्या तत्त्वावर ते उभे आहे, तेच तत्त्व आपल्याला हवे आहे. पण इतिहास एक इशारा देतो. हैदराबादेत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले, ते उर्दू माध्यमाचे. भाषांतरखाते उघडून वैद्यकापर्यंतचे ग्रंथ उर्दूत आणले गेले. प्रयत्न भव्य होता. परंतु मराठवाड्यातील मराठी मुलाला तेथेही परक्याच भाषेतून शिकावे लागले, आणि १९४८ नंतर राज्य बदलताच ते माध्यमही टिकले नाही. देशी माध्यम म्हणजे प्रत्येकाची मातृभाषा नव्हे, आणि ज्या माध्यमामागे नोकरी व व्यवहार उभे नाहीत ते ग्रंथांच्या बळावर तगत नाही, हे दोन्ही धडे आपल्या कामाचे आहेत.

संविधानाच्या ३५०-अ या कलमाने, जे १९५६ सालीच घातले गेले, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली. विद्यापीठापर्यंत ते कलम पोहोचत नाही. म्हणून तेथे आपल्याला कायद्याने नव्हे, योजनेने वाट काढावी लागेल. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात दर्जा मिळाला. वरूड-मोर्शी ओलांडले की रिद्धपूर, जेथे मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहिले आहे. श्रेयांक एका विद्यापीठातून दुसऱ्यात नेता येत असतील, तर रिद्धपूरचा मराठीचा अभ्यासक्रम छिंदवाड्याच्या विद्यापीठाने मान्य करावा, एवढीच पहिली मागणी असावी. त्यात कोणाच्या सीमेचा खांब हलत नाही.

दुसरी मागणी नागपूर-मुंबईकडे. महाराष्ट्रातील अभियांत्रिकीच्या प्रवेशात महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद आहे. ती योग्यच आहे. पण नियमात नाव कर्नाटक सीमेचे असल्यामुळे पांढुर्ण्याचा मुलगा, ज्याच्या घरून नागपूर दोन-अडीच तासांवर आहे, परराज्यातील उमेदवार ठरतो. बेळगावच्या बांधवांच्या वाट्यातून आपल्याला काही नको; मोजक्या वेगळ्या जागा मागता येतील. त्यासाठी येथील किती मुले दरवर्षी बारावीनंतर नागपुरास जातात, कोणत्या शाखेस जातात, किती शुल्क भरतात, याचा तक्ता हाती हवा. तो तक्ता आजवर कोणी केला नाही म्हणून मागणी केवळ भावनेची वाटते. या सभेत बसलेल्या शिक्षकांनी आपापल्या शाळेपुरता तो दिवाळीपूर्वी तयार केला, तर पुढचे निवेदन आकड्यांनिशी लिहिता येईल. लिहिण्याचे काम मी अंगावर घेतो.