मृत्युपत्राविषयी दोन शब्द
(महोत्सवाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या आनंदात आम्ही मृत्युपत्राचा विषय काढीत आहो, याबद्दल क्षमा असावी. त्यास कारणही तसेच आहे.

काही वर्षांपूर्वी एका वृद्ध विधुरास अंतिम अभ्यंग देण्यास आम्ही गेलो होतो. आपली सेवा करणाऱ्या कन्येस राहते घर द्यावे, अशी त्याची इच्छा होती. घाईघाईने कागद लिहिला गेला. त्यावर एक शेजारी व जावई यांनी साक्ष घातली. आम्ही जवळच उभे होतो, परंतु अज्ञानामुळे मौन धरले. पुढे कळले की, १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या ६७ व्या कलमान्वये साक्षीदारास अथवा त्याच्या पत्नीस दिलेले दान निष्फळ ठरते. घराचे वाटे झाले. भावंडांचे बोलणेही तुटले. ते मौन आम्हांस अद्याप सलते.

म्हणून आमची विनंती अशी की, शरीर धडधाकट असतानाच वकिलाकडे जावे. सातबाराचा उतारा, घराचे कागद व देण्याघेण्याची यादी सोबत न्यावी. साक्षीदार निदान दोन असावेत. त्यांस वा त्यांच्या पतिपत्नींस मृत्युपत्रातून काही मिळावयाचे नसावे. विवाहापूर्वी केलेले मृत्युपत्र विवाहाने रद्द होते, हेही ध्यानात ठेवावे. मृत्युपत्र नसल्यास आपणां ख्रिस्ती लोकांत विधवेस एक तृतीयांश व उरलेले मुलामुलींस समसमान मिळते. कन्येचा हा हक्क कोणी विसरू नये.

कष्टाने मिळविलेले धन आपल्यामागे कलहास कारण होऊ नये, ही काळजी घेणे हेही प्रीतीचेच कृत्य होय. परमेश्वर आपणां सर्वांचे कल्याण करो.