संगणकाची स्मृती आणि पत्त्यांचा तुटवडा

भिवंडीची ओळख एकेकाळी केवळ यंत्रमागांची होती. आता काल्हेर, पूर्णा, राहनाळ परिसरातील गोदामांनी तिला दुसरी ओळख दिली आहे. माल गोदामात असणे आणि तो सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तेथील कारकुनास सांगावे लागत नाही. संगणकाच्या स्मृतीचेही तसेच आहे.

ग्रामपंचायत चार जीबी स्मृतीचा जुना संगणक वापरते. पडद्यावर मात्र ‘वापरण्यायोग्य ३.२५ जीबी’ असे उमटते. पुरवठादाराने फसविले, असा ग्रह होऊन मासिक सभेत वाद माजतो. बहुधा तो बिचारा निर्दोष असतो.

समजा, गोदामाच्या नोंदवहीत क्रमांकासाठी चारच रकाने आहेत. ०००० ते ९९९९ असे दहा हजारच क्रमांक होणार. त्यांतील काही शेकडा वजनकाटा, कचेरी व पहारेकऱ्याची चौकी यांना दिले, तर तितके गाळे मालाने भरलेले असूनही वहीत येत नाहीत.

बत्तीस बिटांच्या कार्यप्रणालीत पत्त्यासाठी असे बत्तीस रकाने असतात, आणि प्रत्येकात ० किंवा १ एवढेच मावते. त्यामुळे एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६, म्हणजेच चार जीबी. चित्रपत्रक, जाळेपत्रक आदी उपकरणांनाही यांतूनच पत्ते द्यावे लागतात. हा पेच नवा नव्हे. १९८१ च्या आयबीएम पीसीत १०२४ केबींपैकी ६४० केबीच कार्यक्रमांसाठी होते. उरलेले पत्ते पडदा व अन्य यंत्रणांसाठी राखीव होते. पुढे १९९५ च्या पेंटियम प्रो प्रक्रियकात पत्ता ३६ बिटांचा झाला, तरी घरगुती विंडोज चार जीबींवरच अडविली गेली. अनेक उपकरणांच्या चालक-आज्ञावलींना त्यापुढचे पत्ते पेलत नव्हते.

अशा यंत्रात आणखी चार जीबींची पट्टी बसविणे म्हणजे सार्वजनिक पैसा बंद गाळ्यात टाकणे होय. प्रक्रियक ६४ बिटांचा असल्यास कार्यप्रणाली बदलावी. जुन्या मुद्रकाची चालक-आज्ञावली मिळते का, हे मात्र आधी पाहावे. विंडोज ११ तर ६४ बिटांचीच आहे. तीतही अंगभूत चित्रयंत्रणा पडद्यासाठी थोडी स्मृती बाजूस ठेवते. ती वाया गेलेली नसते.

‘बसविलेली’ स्मृती आठ आणि ‘वापरण्यायोग्य’ सव्वातीन दिसली, तर पत्त्यांचा तुटवडा समजावा. ‘बसविलेली’ हाच आकडा चार दिसला, तर यंत्र बंद करून दुसरी पट्टी खाचेत नीट बसली आहे का, ते प्रथम तपासावे.